‘अपिस्टोची जोडी’ म्हणून घेतलेले मासे नक्की कोण? (ड्वार्फ सिक्लिड : ओळख आणि निगा)

कांजूरकर

मंडळी, मासेवाल्यांची मदत हवी आहे.

घरी दोन फुटी टाकी आहे (२४ × १२ × १२ इंच). स्पंज फिल्टर, बारीक वाळू, लाकडाचा एक ओंडका, जावा फर्न आणि एम्बर टेट्रा या चिमुकल्या माशांचा छोटा थवा. टाकी जुनी आहे, पाणी व्यवस्थित बसलेलं आहे. गेल्या महिन्यात त्यात ‘अपिस्टो, एक नर दोन माद्या’ असे तीन मासे (अपिस्टोग्रामा, म्हणजे छोटे ‘ड्वार्फ’ सिक्लिड) आणून सोडले. दुकानदाराला जात विचारली, तर “अपिस्टो म्हणजे अपिस्टो, साहेब” एवढंच उत्तर मिळालं.

मोठा मासा करडा आहे, शेपटीत लाल-काळे ठिपके, पाठीवरच्या पराचे पुढचे काटे लांब आणि ताठ. बाकीचे दोन त्याच्या निम्मे, मातकट रंगाचे. या आठवड्यात त्यातला एक अचानक पिवळाधमक झाला आणि अंगावर काळे डाग उमटले. करवंटी उपडी ठेवली आहे, तिच्या तोंडाशी बसून असतो आणि मोठा मासा जवळ आला की अंगावर धावून जातो. मोठा बिचारा हीटरच्या मागे लपलेला. तिसराही थोडा पिवळसर दिसतो, पण तो कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आईचं निदान : कावीळ. तुमचं काय?

प्रचि (प्रकाशचित्र) १ आणि २ मोठा, प्रचि ३ पिवळा, प्रचि ४ तिसरा (हलला आहे, समजून घ्या).

शेवाळं

आईंना सांगा, पाळणा हलणार आहे. :)

अंडी धरलेली मादी आहे ती. करवंटी अजिबात उचलू नका. मोबाइलचा टॉर्च काचेला तिरपा लावून आत छताकडे बघा. लालसर ठिपक्यांची चकती दिसली तर ती अंडी. अपिस्टोची मादी छताला अंडी चिकटवते आणि उलटी होऊन त्यांना वारा घालत बसते.

दर्यावर्दी_काका

प्रचि १ पाहून खात्रीने सांगतो : अपिस्टोग्रामा काकाटुऑइडिस, हौशी लोकांचा ‘कॉकॅटू’. पेरू आणि पश्चिम ब्राझीलच्या भागातल्या ॲमेझॉन खोऱ्यातला. तुमच्याकडचा अर्थातच फार्मवर वाढलेला, कारण जंगली नराच्या शेपटीत इतका लाल भडिमार नसतो. ‘डबल रेड’, ‘ट्रिपल रेड’ ही निवडून निवडून तयार केलेली वाणं, वेगळ्या जाती नव्हेत. दुकानात मात्र ती वेगळ्या भावाने विकली जातात.

अपिस्टो ओळखताना रंगाच्या नादी लागू नये. रंग मूडप्रमाणे पाच मिनिटांत पालटतो. आधी शेपटीचा आकार बघा, मग पाठीवरचा पर, मग अंगावरचे पट्टे. प्रौढ काकाटुऑइडिस नराच्या शेपटीला वर आणि खाली अशी दोन टोकं असतात, पाठीवरचे पुढचे काटे तुऱ्यासारखे वाढतात, तोंड मोठं आणि ओठ जाड. पोटाच्या वरच्या अंगाला आडव्या, बारीक, तुटक रेघा दिसतील. त्या दिसल्या की शंका उरत नाही. अगासिझी या दुसऱ्या अपिस्टो जातीशी लोक याची गल्लत करतात, पण त्याची शेपूट मध्यभागी एकाच टोकाला निमुळती होते, पिंपळपानासारखी, आणि अंगावरचा काळा पट्टा सरळ त्या टोकापर्यंत जातो. बोरेलीची शेपूट गोल, पाठीवरचा पर उंच आणि एकसंध, अंग निळसर आणि चेहरा पिवळा. मॅकमास्टेरी आणि विएहिता यांच्यात मीही फसतो. दुकानातल्या ‘विएहिता’ पाटीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये एवढंच सांगेन.

पिवळी मादी तर स्पष्टच आहे. मला खरी शंका प्रचि ४ ची आहे. त्याच्या पोटाखालच्या परांचा जवळून फोटो टाका. पुढची कड काळी आहे का?

पाणकळा

काकांच्या प्रतिसादाला +१, वाचनखूण साठवली.

कांजूरकर, मोठ्याला मार बसतो म्हणून घाबरू नका, पण त्याला पळायला जागा द्या. दोन फुटी टाकीत मादीच्या नजरेआड होता येईल असे आडोसे हवेत. ओंडका मधोमध आडवा टाका, जावा फर्नचा एक गठ्ठा दुसऱ्या टोकाला हलवा. तरी नराचे पर फाटायला लागले किंवा तो पाण्याच्या वर कोपऱ्यात उभा तरंगत राहिला, तर त्याला बाहेर काढा. अंडी असताना टाकी तिची असते.

आणि करवंटी छान, पण भोक केवढं आहे? तोंड इतकंच हवं की मादी आत जाईल आणि नर अडकेल. मी संक्रांतीची सुगडं वापरते. वाण देऊन झालं की घरोघरी माळ्यावर पडून असतात. रंग न दिलेलं, साधं भाजलेलं सुगड घ्यायचं, काठाला पक्कडीने जरा टवका काढायचा आणि वाळूत उपडं पुरायचं. वारली नक्षीवालं रंगवलेलं नको, तो रंग पाण्यात उतरतो.

कांजूरकर

अंडी आहेत!! छताला, अगदी शेवाळं म्हणाले तशी. आई आता दर अर्ध्या तासाने टॉर्च मारते आहे.

काका, तिसऱ्याचे नवे फोटो : प्रचि ५, ६. पोटाखालचे पर फिकट दिसतात, कडेला काळं असं काही नाही. पिवळीच्या परांची कड मात्र ठसठशीत काळी आहे. अजून एक, शेपटीजवळच्या खालच्या पराचं टोक अणकुचीदार आहे, पिवळीचं तसं नाही.

दर्यावर्दी_काका

मग तो नर आहे.

काकाटुऑइडिसमध्ये दबलेला लहान नर मादीसारखाच दिसतो आणि तसाच वागतो. तुरा नाही, लाल नाही, अंग पिवळसर. मोठा नर त्याला मादी समजून सोडून देतो आणि हा पठ्ठ्या संधी साधून अंडी घालण्याच्या वेळी गुहेत शिरतो. इंग्रजीत त्याला स्नीकर म्हणतात. आता तुमच्या पिल्लांचा बाप कोण हे मोठ्यालाही ठाऊक नाही.

दुकानात ‘जोडी’ घेताना हीच गफलत होते. लहान आणि पिवळट दिसला की मादी, असा हिशोब लावतात. घेताना पोटाखालच्या परांची काळी कड पाहायची सवय लावा. अगदी कोवळ्या माशात तीही दगा देते, म्हणून शक्यतो थोडी वाढलेली मादी घ्या.

मोठा नर मेला किंवा हलवला की हाच स्नीकर काही आठवड्यांत तुरा काढून दाखवेल. मग दोन फुटांत दोन राजे नांदणार नाहीत. एकाची सोय आत्ताच बघून ठेवा.

टीडीएस_५०

सगळं ठीक, पण पाण्याचं कुणीच बोललं नाही. धागा मुंबईचा आहे म्हणून लिहितो.

पालिकेचं तलावांचं पाणी मुळात मऊ असतं, त्यामुळे अपिस्टोसाठी आपण नशीबवान आहोत. बंगळुरूचे बोअरवेलवाले मित्र आरओ लावून जे मिळवतात ते आपल्याकडे नळाला येतं. कांजूरकर तर भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलाच्या शेजारचे, त्यांना ताजंच मिळत असणार. भानगड तीन ठिकाणी होते. एक, टँकर : त्यात बऱ्याचदा विहिरीचं किंवा बोअरचं कडक पाणी असतं. दोन, पावसाळा : पाणी गढूळ येतं, क्लोरीनचा वास वाढतो. तीन, सोसायटीची गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतात तो दिवस. नोटीस बोर्ड वाचायची सवय नसेल तर मासे वाचून दाखवतात.

ओटीची (क्लोरीन तपासायच्या द्रावणाची) बाटली स्वस्तात मिळते. नळाच्या पाण्यात थेंब टाकले आणि पिवळं झालं की क्लोरीन आहे. पाणी एक रात्र बादलीत हवा लावून ठेवा किंवा हायपो (क्लोरीन मारणारे खडे) वापरा. आठवड्याला पाव टाकी बदला, पिल्लं असतील तर थोडं थोडं पण जास्त वेळा. आणि नवं पाणी टाकीपेक्षा गार असेल तर पाइपने थेंब थेंब सोडा.

वाळू कुठून आणली? दादर-जुहूची असेल तर आत्ता काढा. शिंपल्यांचा चुरा असतो, पाणी हळूहळू कडक होत जातं. चमचाभर वाळूवर व्हिनेगर ओता, फेस आला तर ती अपिस्टोच्या कामाची नाही.

कांजूरकर

नदीची वाळू आहे, प्लास्टरला चाळतात तसली. आत्ताच व्हिनेगर टाकून पाहिलं, फेस नाही. हुश्श.

बदामबाई

पाण्यासाठी माझी भर : देशी बदामाची पानं. आपल्या प्रत्येक सोसायटीत, शाळेच्या आवारात एक तरी बदाम असतोच. लाल होऊन आपसूक गळलेली, कोरडी पानं उचलायची, धुवायची, पुन्हा वाळवायची आणि टाकीत दोन-तीन सोडायची. पाणी चहाच्या रंगाचं होतं, मासे मोकळे होतात, रंग खुलतात. कुजत्या पानांवर जे सूक्ष्म जीव वाढतात ते पिल्लं दिवसभर टिपत असतात. लोक हीच पानं ऑनलाइन पाकिटातून विकत घेतात, मला फार हसू येतं. रस्त्याकडेची धूर बसलेली किंवा नुकती फवारणी झालेली मात्र घेऊ नका.

टीडीएस_५०

पानांनी पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) धपकन उतरतो हा समज मात्र सोडा. पाण्यात क्षार जास्त असतील तर पानं नुसता रंग देतात.

बदामबाई

उतरतो असं मी म्हटलंच कुठे? :)

नवशिक्या_नाहूर

धागा हायजॅक करतोय, माफ करा. माझ्याकडे इलेक्ट्रिक ब्लू रॅम टिकतच नाहीत. नवी टाकी, महिन्याभरापूर्वी लावली. रॅम आणतो, आठ-दहा दिवस झकास, मग खाणं सोडतात, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, आणि संपतात. २५ ला हीटर आहे. नर-मादीही कळत नाही. रॅम हे ड्वार्फ सिक्लिडच ना?

पाणकळा

हो, ड्वार्फ सिक्लिडच, पण अपिस्टो नव्हेत. मायक्रोजिओफॅगस रामिरेझी. व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्यातल्या उष्ण गवताळ मैदानांतला मासा. १९४८ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. २५ त्याला गार पडतं, २८ ते २९ ठेवा. आणि महिन्याभराची टाकी रॅमसाठी कोवळी आहे. अमोनिया-नायट्राइट (माशांच्या घाणीतून होणारी विषं) शून्य दाखवत असलं तरी अजून दोन-तीन महिने जुनी होऊ दे, तोवर टेट्रा पाळ.

दुसरं, आणलेले मासे बऱ्याचदा आधीच आजारी असतात. फार्मवर जास्त गरम पाण्यात, औषधांवर वाढवलेले, मग प्रवास, मग दुकान. पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा आणि खपाटीला गेलेलं पोट हे आतड्यातल्या परजीवींचं लक्षण असू शकतं. त्यावर मेट्रोनिडॅझोल खाण्यातून देतात, पण वेगळ्या टाकीत आणि माशांच्या डॉक्टरांना विचारून. केमिस्टकडून गोळी आणून मुख्य टाकीत चुरायची नाही. मासा खात असेल तोवरच खाण्यातून औषध पोचतं, म्हणून लक्षण दिसताच हालचाल कर. दुकानातच तपास : रॅम खातोय का, ते समोर दाणे टाकायला लावून बघ. दुकानदाराने कुरकुर केली तरी आग्रह धर.

नर-मादी : साध्या रॅममध्ये मादीचं पोट गुलाबी आणि अंगावरच्या काळ्या डागात निळे चमचमते खवले. नराचा डाग बहुधा निखळ काळा, पाठीवरच्या पराचे सुरुवातीचे काटे लांब. इलेक्ट्रिक ब्लूमध्ये डागच उरलेला नसतो, तिथे पर आणि पोटाचा घेर यांवरच अंदाज. मला विचारशील तर पहिल्यांदा बोलिव्हियन रॅम घे. रंग सौम्य, पण कणखर.

शेवाळं

बोलिव्हियनला अनुमोदन. आमच्याकडचे आजही पाहुण्यांना ‘हे काय साधे मासे’ वाटतात आणि संध्याकाळी ऊन तिरपं पडलं की तेच पाहुणे फोटो मागतात.

मिरवणूक

कॉकॅटू + क्रिब + दोन शेल सिक्लिड एकत्र ठेवले तर चालेल का? तीन फुटी आहे. सगळे ड्वार्फच आहेत.

दर्यावर्दी_काका

नाही.

क्रिबेन्सिस, म्हणजे पेल्विकाक्रोमिस पल्चर, नायजेरिया-कॅमेरूनकडचा, तो निदान नळाच्या पाण्यात निभावून नेईल. पण जोडी जमली की अर्धी टाकी अडवते आणि पिल्लांसाठी नर-मादी दोघंही भांडतात. शेल सिक्लिड टांगानिका सरोवरातले, त्यांना कडक आणि क्षारयुक्त पाणी हवं, पीएच आठच्या वर. कॉकॅटूला मानवेल ते त्यांना नाही. ड्वार्फ हा शब्द फक्त मापाचा आहे. त्यांचं गाव, पाणी, स्वभाव काही एक नाही.

कोरिडोरास (छोटे मांजरमासे) सुद्धा विचारपूर्वक. तेही तळाचे, रात्री अंडी खातात आणि दिवसा मादीच्या धडका खातात. वरच्या थरात पोहणारे छोटे टेट्रा किंवा पेन्सिलफिश बरे.

कांजूरकर

अपडेट. अंडी फुटली, छताखाली शेपट्या वळवळताना दिसल्या आणि काल संध्याकाळपासून पिल्लं बाहेर आहेत. मादी त्यांना वाळूवरून अशी हाकते की बघत राहावं. एम्बर टेट्रा जवळ आला की पोटाखालचे पर फटकन झटकते, सगळी पिल्लं खाली दबून वाळूच्या रंगाची होतात. टेट्रा गेला की परत वर. मोठा नर शेजारच्या बादलीवजा टाकीत हलवला, पाणकळांनी सांगितल्याप्रमाणे. पराचा तुकडा गेला होता.

आता खायला काय? बाजारात जिवंत ट्यूबिफेक्स किडे मिळतात असं एकाने सांगितलं.

मिरवणूक

ट्यूबिफेक्स बेस्ट, झपाट्याने वाढतात.

पाणकळा

ट्यूबिफेक्स घाण पाण्याच्या नाल्यांतून गोळा करतात, सोबत काय काय येतं ते विचारू नका. शिवाय पिल्लांच्या तोंडात मावणारही नाही.

आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीची) अंडी आणा. प्लास्टिकची बाटली, एक लिटर पाणी, साधारण २५ ते ३० ग्रॅम जाडं मीठ, तळापर्यंत हवेची नळी. आपल्या हवेत हीटर लागत नाही, २४ ते ३६ तासांत केशरी धुके दिसतं. हवा बंद करा, टरफलं वर येतात, जिवंत आर्टेमिया खाली. खालून नळीने ओढून बारीक कापडातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि पिपेटने थेट पिल्लांच्या घोळक्यावर सोडा. दिवसातून दोनदा-तीनदा, थोडं थोडं. पिल्लांची पोटं केशरी दिसली की पोचलं समजा.

डासांच्या अळ्या बादलीत वाढवायचा मोह होईल. मासे वेडे होतात त्यांच्यावर, पण पालिकेचा माणूस पावसाळ्यात तपासणीला आला तर नोटीस हातात ठेवेल. आणि डेंग्यू घरच्यांनाच होणार.

टीडीएस_५०

एक रंजक गोष्ट. अपिस्टोची पिल्लं नर होणार की मादी हे बऱ्याच अंशी तापमानावर ठरतं. १९९६ साली रोमर आणि बाइसेनहर्झ यांनी कितीतरी जातींवर प्रयोग करून दाखवलं : २३ ला माद्या जास्त, २९ ला नर जास्त, २६ च्या आसपास बऱ्यापैकी समतोल. सुरुवातीचे आठवडे महत्त्वाचे. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात काढलेली वीण म्हणजे लेकांची रांग, आणि दुकानात माद्या का मिळत नाहीत त्याचं निदान एक कारण हे. आत्ता पावसाळ्यात तुमचं पाणी किती आहे?

कांजूरकर

२७. हीटर बंदच आहे. उन्हाळ्यात ३१ जातं, तेव्हा पंखा लावतो पण फार फरक पडत नाही.

टीडीएस_५०

पडणार नाही. पंख्याचा गारवा पाणी उडून जाण्यावर असतो आणि मुंबईच्या दमट हवेत ते उडतंच कमी. एक-दोन अंश मिळाले तरी पुष्कळ. त्याऐवजी मे महिन्यात खाणं कमी करा, वरच्या पाण्याला हालचाल द्या, दिवे कमी वेळ लावा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, मासे मरतात ते जास्त करून त्याने. याच कारणाने बोरेली मुंबईत घेऊ नये असं माझं मत. त्याला पॅराग्वेकडचं गार पाणी आवडतं.

बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही घरात असू द्या. मुंबईत वीज जात नाही म्हणणाऱ्यांनी १२ ऑक्टोबर २०२० आठवावा.

बदामबाई

सगळे ॲमेझॉन आणि आफ्रिकेत फिरताय म्हणून : आपल्या देशाचे स्वतःचे सिक्लिड तीनच. गोव्याकडे खातात ती काळुंदर, कर्नाटकातला कनारा पर्लस्पॉट आणि छोटा नारिंगी क्रोमाइड. नारिंगी क्रोमाइड जेमतेम तीन इंच होतो, जोडीने पिल्लं सांभाळतो आणि पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकट द्रव चाटून खातात. दुकानात कोपऱ्यातल्या टाकीत स्वस्तात पडून असतो. कुणी बघत नाही.

दर्यावर्दी_काका

काळुंदरीचं तिखलं मात्र सगळे बघतात. :)

कांजूरकर

काका!! आईने वाचलं, आता ती टाकीकडे वेगळ्या नजरेने बघते आहे.

शेवटचा प्रश्न. गणपतीला गावी जायचंय, देवरुखला, आठवडाभर. शेजारच्या काकू दाणे टाकायला तयार आहेत. तोवर पिल्लं महिन्याच्या वर होतील. चालेल का?

पाणकळा

मोठे मासे आठवडाभर उपाशी आरामात राहतात, काकूंच्या हातून मरतात ते जास्त खाण्याने. पिल्लांसाठी रोजचा खुराक कागदाच्या सात पुड्यांत बांधा, प्रत्येकीवर वार लिहा आणि डबा लपवून ठेवा, म्हणजे “आज जरा जास्त भूक दिसली” हा प्रकार होणार नाही. जायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, आदल्या रात्री नको. टाकीचा प्लग कुठला तो काकूंना दाखवा, नाहीतर निघताना सगळी बटणं बंद करायच्या नादात फिल्टरही जातो.

नवशिक्या_नाहूर

कांजूरकर, स्नीकर द्यायचा असेल तर मी घेतो. टाकी जुनी होईपर्यंत थांबेन.

कांजूरकर

गणपतीनंतर या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. येताना झाकणाचा डबा आणा, पिशवी नको. हा उडी मारतो.

दर्यावर्दी_काका

आणि नाहूरकर, तुरा आला की फोटो इथेच टाका. नवा धागा नको.

नवशिक्या_नाहूर

धन्स काका, इथेच टाकतो. बोलिव्हियन कुठे मिळतील ते कुणी सांगेल का? रविवारी कुर्ल्याच्या बाजारात बघतोय.

शेवाळं

कुर्ल्याला सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत पिशव्यांतलं पाणी तापतं. क्रॉफर्ड मार्केटलाही विचारून बघ. आणि दाणे खिशात घेऊन जा.